सीपीआर शिकलात, आता सराव कशावर? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आपण सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती लयीत दाबून रक्त फिरतं ठेवण्याच्या, एकदिवसीय वर्गांबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: वर्ग झाला, प्रमाणपत्र मिळालं, पुढे काय वाचायचं, काय बघायचं आणि हात कशावर चालवायचे? त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सीपीआर शिकवणाऱ्या भूलतज्ज्ञांनी आणि प्रशिक्षकांनी मिळून दिली आहेत.

आमच्याकडे ‘सीपीआर’ म्हटलं की दवाखानाच डोळ्यासमोर येतो. वर्गात मात्र ‘सीपीआर सुरू करा!’ असं ओरडायला शिकवलं. रस्त्यावर असं ओरडलं तर लोकांना काय कळणार?
– उत्तरेश्वर पेठेतील वाचक

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला सगळा जिल्हा ‘सीपीआर’ म्हणतो. गर्दीत ‘सीपीआर, सीपीआर!’ असा गलका झाला तर चारजण त्या माणसाचे हातपाय धरून त्याला रिक्षात घालायला धावतील, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. पण रिक्षाच्या सीटवर छाती नीट दाबता येत नाही. पाठीखाली कडक आधार नसतो, दाबणाऱ्याला खांदे छातीच्या वर आणायला जागा नसते, आणि उचलाउचलीत जो वेळ जातो तेवढा वेळ मेंदूकडे रक्तच जात नाही.

म्हणून कोल्हापुरात शिकणाऱ्यांनी वर्गातलं वाक्य बदलून पाठ करावं: ‘मी छातीवर दाब देतोय, यांना हलवू नका. निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा.’ फोन करायला बोट दाखवून एकालाच सांगायचं. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं केला असेल. पत्ताही मोठ्यानं म्हणून बघा. नुसतं ‘रंकाळ्यावर’ सांगून भागत नाही. टॉवरची बाजू की शालिनी पॅलेसची, हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. सरावात तोंड बंद ठेवून फक्त हात चालवणाऱ्यांची ऐन वेळी जीभ अडखळते.

शिरोलीच्या कारखान्यात चार महिन्यांपूर्वी प्रशिक्षण झालं. त्या दिवशी जमलं, आता विचारलं तर आकडेसुद्धा आठवत नाहीत. घरी डमी (सरावाचा पुतळा) नाही. व्हिडिओ बघत राहिलं तर चालेल का?
– एमआयडीसीतील फिटर

विसरलात यात नवल नाही. वर्गात कमावलेली सफाई तीन ते सहा महिन्यांत उतरू लागते, मग प्रमाणपत्रावर दोन वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी. व्हिडिओनं क्रम लक्षात राहतो: जागा सुरक्षित आहे का, खांदे थोपटून हाक, मदतीसाठी आरोळी, दहा सेकंदांच्या आत श्वासाकडे नजर, मग दाब. पण बघून हात तयार होत नाहीत. एक व्हिडिओ दहा वेळा बघण्यापेक्षा एकदा बघून नऊ वेळा हात चालवा.

घरचं साधन असं करा. एक लिटरची प्लास्टिकची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावा. ती मधोमध ठेवून जुनी वाकळ घट्ट गुंडाळा आणि दोन ठिकाणी दोरीनं बांधा. हे गाठोडं फरशीवर ठेवायचं, पलंगावर नाही. गादीवर सराव केला तर तुमचा निम्मा जोर गादी खाते आणि छाती दाबली गेल्याचा नुसता भास होतो. बाटलीमुळे दाब सोडल्यावर गाठोडं परत वर येतं, आणि तेच शिकायचं असतं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली तरच हृदयात रक्त परत भरतं. तळहात तसाच रेलून ठेवला तर पुढचा दाब कोरडा जातो. हात उचलायचा नाही, पण त्याच्यावरचा भार काढायचा.

गुडघे गाठोड्याला भिडवून बसा, दोन्ही गुडघ्यांत खांद्याएवढं अंतर ठेवा. एका तळव्याचा मनगटाजवळचा भाग खाली, दुसरा हात वर, बोटं अडकवलेली. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, हालचाल कमरेतून. खऱ्या माणसावर ही जागा छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर असते. ‘हृदय डावीकडे’ हे शाळेत इतकं पक्कं झालेलं असतं की शिकाऊ माणसाचा हात हमखास डावीकडे सरकतो.

लयीसाठी मोबाइलवर मोफत मिळणारं कुठलंही मेट्रोनोम अ‍ॅप घ्या आणि ११० वर लावा. मिनिटाला १०० ते १२० ही मर्यादा, ११० वर ठेवलं की दोन्हीकडे थोडी मोकळीक राहते. अ‍ॅप नको असेल तर घड्याळ लावा: ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले पाहिजेत. १३ सेकंदांत उरकलं तर घाई झाली, २० लागले तर रेंगाळलात. मराठीत मोजताना एक गंमत होते. ‘एकवीस, बावीस, तेवीस’ला येईपर्यंत शब्द लांबतात आणि त्यांच्यासोबत हातही मंदावतो. म्हणून तीसपर्यंत सरळ मोजू नका, एक ते दहा तीन वेळा म्हणा.

आठवड्यातून एकदा, दोन मिनिटं. एवढंच. रोज अर्ध्या तासाचा संकल्प आठवडाभरही टिकत नाही. महिन्यातून एकदा मोबाइल बाजूला टेकवून स्वतःचं चित्रीकरण करा आणि दोनच गोष्टी बघा: कोपर वाकतंय का, आणि वर येताना भार सुटतोय का. खोली मात्र या गाठोड्यावर कळत नाही. पाच ते सहा सेंमी म्हणजे नेमकं किती, हे ‘टक्’ आवाज करणाऱ्या डमीवरच हाताला समजतं, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा तरी कारखान्यातली किंवा प्रशिक्षकांकडची डमी मागून घ्या. आणि घरातल्या जिवंत माणसावर दाबून बघण्याचा मोह कुणालाही नको, ‘हळूच’सुद्धा नाही.

शाळेच्या भिंतीवर सीपीआरचा तक्ता आहे, पालकांच्या ग्रुपवर दुसराच आला आणि पुस्तकात तिसरे आकडे आहेत. खरं कुठलं मानायचं?
– कागल तालुक्यातील शिक्षिका

पूरक साहित्यातला सगळ्यात मोठा घोटाळा हाच आहे. यातले बरेच तक्ते खोटे नसतात, जुने असतात. शास्त्र साधारण दर पाच वर्षांनी सुधारतं, भिंतीवरचा कागद मात्र पिवळा पडेपर्यंत तसाच राहतो. बरं, तक्त्यावर साल नसलं तरी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांतले आकडे कसे बदलत गेले त्यावरून त्याचं वय काढता येतं.

प्रौढ माणसासाठी ‘१५ दाब, २ श्वास’ लिहिलं असेल तर तो २००५ च्या आधीचा. ३०:२ हे प्रमाण त्या वर्षी आलं. ३०:२ आहे, पण क्रम ‘आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब’ असा आहे आणि खोली ४ ते ५ सेंमी दिली आहे, तर तो २००५ ते २०१० मधला. २०१० साली क्रम उलटला, दाब पहिला झाला. कारण साधं होतं: तोंडाला तोंड लावायच्या संकोचात आणि डोकं मागे नेण्याच्या खटपटीत दाब सुरू व्हायलाच उशीर होत होता. त्याच वर्षी तोंडाजवळ कान नेऊन ‘बघा, ऐका, जाणवा’ ही पायरीही गेली. ‘मिनिटाला किमान १००, खोली किमान ५ सेंमी’ असं वरची मर्यादा न देता लिहिलं असेल तर तो २०१० चा. लोक सुसाट दाबू लागले, खूप वेगात खोली कमी पडते असं दिसलं, तेव्हा २०१५ मध्ये १०० ते १२० आणि ५ ते ६ सेंमी अशा दोन्ही बाजूंच्या मर्यादा आल्या. त्या आजही तशाच आहेत.

अगदी अलीकडचा बदल २०२५ चा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नव्या सूचनांत तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबण्याची पद्धत काढून टाकली आहे. आता छातीला दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं दाबायचं, कारण दोन बोटांनी पुरेशी खोली मिळत नाही. घशात घास अडकलेल्या मोठ्या माणसाला आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच झटके, असं आळीपाळीनं करायचं. नुसते पोटावरचे झटके दाखवणारी चित्रं आता मागे पडली. तुमच्या शाळेतल्या तक्त्यावर बाळाच्या छातीवर दोन बोटं असतील तर तो आजच उतरवा.

ग्रुपवर फिरणारा ‘झटका आला तर जोरजोरात खोका आणि स्वतःला वाचवा’ हा मजकूर तर कुठल्याच काळातला नाही. हृदय थांबलं की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो, तो खोकणार कसा? आणि छातीत दुखत असताना खोकत बसणं म्हणजे १०८ चा फोन लांबवणं.

विश्वासानं वाचण्याजोगं काय, तर सर्वसामान्यांसाठीची भारतीय पद्धत ‘सीओएलएस’, म्हणजे श्वास न देता फक्त दाब. ओळखा, दाबा, दवाखान्यात हलवण्याची सोय करा, असं तिचं तीन पायऱ्यांचं सूत्र आहे. भारतीय भूलतज्ज्ञांनी तयार केलेल्या या सूचना इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशियाच्या २०१७ च्या अंकात आहेत आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतात. शाळेच्या तक्त्यासाठी हाच पाया घ्या. मोठ्या मुलांना ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलचा ‘लाइफसेव्हर’ आवडेल. त्यात प्रसंग चालू असताना पुढे काय करायचं ते प्रेक्षकानंच निवडायचं असतं आणि दाबही लयीत द्यावे लागतात. तो मोफत आहे, पण इंग्रजीत, आणि त्यातला फोन नंबर ब्रिटनचा. मुलांना ‘९९९ नव्हे, १०८ किंवा ११२’ हे आधीच सांगून ठेवा.

कुठलाही व्हिडिओ निवडताना त्यात आचके दाखवले आहेत का ते बघा. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा तोंड उघडतो, घरघरतो. लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, पाणी पाजा.’ तो श्वास नव्हे. हे ज्यात दाखवलं नाही तो व्हिडिओ कितीही देखणा असला तरी अपुरा.

तालमीत वीस पोरं आहेत, डमी एकच आणि तीही दोन तासांसाठी मागून आणलेली. वस्ताद म्हणतात, पोरं दणकट आहेत, लगेच शिकतील.
– शिवाजी पेठेतील तालमीचा कार्यकर्ता

वस्तादांचा मान राखून सांगतो: दणकट पोरांना शिकवायला जास्त वेळ लागतो. जोर मारून मारून त्यांना कोपरातून वाकायची सवय असते, इथे कोपर मोडलं की चुकलं. दुसरं म्हणजे ताकदीच्या भरात वेग १४० वर जातो आणि छाती वर यायच्या आत पुढचा दाब पडतो. तिसरं, ‘मी दमलोच नाही’ म्हणत कुणी जागा सोडत नाही. दाबाची खोली दमल्याचं कळायच्या आधीच घसरते, पैलवानाचीसुद्धा. म्हणून दोन मिनिटं झाली की बदली, वाद नाही. पुढचा गडी समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यावर तयार बसलेला हवा, म्हणजे खंड दहा सेकंदांच्या आत राहतो.

चौघांचे पाच गट करा. एक दाबतो, दुसरा डोक्याशी, तिसरा घड्याळ लावून मोजतो, चौथा १०८ चा संवाद मोठ्यानं म्हणतो. दर दोन मिनिटांनी जागा फिरवली की आठ मिनिटांत चौघांचे हात चालून होतात. उठबस धरून दहा मिनिटं. पाच गटांना पन्नास मिनिटं लागली, की उरलेल्या तासाभरात दुसरी फेरी. बाकीच्या गटांनी तोवर वर सांगितलेल्या वाकळ-बाटलीवर लय धरावी. घड्याळवाल्यानं प्रत्येकाच्या तीस दाबांचे सेकंद खडूनं भिंतीवर लिहावेत. ईर्षा तालमीत फुकट मिळते, तिचा उपयोग करून घ्या. पण जिंकतो सोळा-सतरा सेकंदवाला, बारावाला नव्हे.

हौद्यात सराव नको. उकरलेली माती खाली दबते आणि तांबडी माती डमीच्या स्प्रिंगमध्ये गेली की टक् आवाज बंद पडतो, मग मालकाला तोंड दाखवायची पंचाईत. श्वास द्यायचा सराव असेल तर प्रत्येकाला वेगळा फेसशील्ड द्या, आणि दर गड्यानंतर डमीचं तोंड स्पिरिटनं पुसून कोरडं होऊ द्या.

पंचगंगेच्या घाटावर आम्ही पोरांना पोहायला शिकवतो. ‘श्वास देऊ नका, फक्त दाब द्या’ असं शिकलो. बुडालेल्याला पण तसंच का?
– घाटावर पोहणाऱ्यांचा गट

नाही. फक्त दाबाची पद्धत अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. त्याच्या रक्तात त्या क्षणी प्राणवायू शिल्लक असतो, तो फिरवला की काही मिनिटं भागतं. बुडालेल्याचं उलटं असतं. आधी प्राणवायू संपतो, मग हृदय थांबतं. प्राणवायू नसलेलं रक्त नुसतं फिरवून काय मिळणार? म्हणून बुडालेल्याला आधी श्वास, मग ३०:२. अमेरिकन पुस्तकात सुरुवातीचे श्वास २ सापडतील, युरोपीय पुस्तकात ५. दोन्हींमागचं कारण एकच आहे, एक धरा आणि सगळ्या गटाला तोच शिकवा.

पालथं घालणं, पोट दाबणं, पाय धरून फिरवणं, घागरीवर आडवं टाकणं हे सगळं बंद. पोटातलं पाणी काढल्यानं फुप्फुसात हवा जात नाही, उलट उलटी होऊन ती श्वासनलिकेत शिरते. तोंडाला फेस आला तरी तो पुसत बसू नका, श्वास देत राहा.

तुमच्या गटानं पॉकेट मास्क घ्यावा आणि श्वासाचाच सराव जास्त करावा, कारण चुका तिथेच होतात. कपाळ मागे आणि हनुवटी वर नेली नाही तर हवा जातच नाही. नाक चिमटीत धरलं नाही, मास्कची कड दाबली नाही तर बाहेर सुटते. जोरात फुंकलं तर पोटात जाते. एक श्वास एक सेकंद, छाती वर उचललेली दिसली की थांबा. दोन प्रयत्नांत छाती हलली नाही तर तिसरा नको, दाबाकडे वळा आणि पुढच्या खेपेला डोक्याची ठेवण बदला.

नर्सिंगला आहे, पुढच्या महिन्यात बीएलएसची (बेसिक लाइफ सपोर्टची) परीक्षा. पुस्तक इंग्रजी, आकड्यांचा गोंधळ होतो.
– गडहिंग्लजची विद्यार्थिनी

ज्या संस्थेचा कोर्स आहे तिचंच चालू आवृत्तीचं पुस्तक आणि वर्गाआधीची स्वचाचणी. परीक्षेपर्यंत दुसरं काही उघडू नकोस. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या लेखी परीक्षेत २५ प्रश्न असतात, २१ बरोबर यावे लागतात. गोंधळ होणारे आकडे मराठीत स्वतःच्या हातानं चिठ्ठ्यांवर लिही, पुढच्या बाजूला आकडा आणि मागे कारण. कारण आठवलं की आकडा मागोमाग येतो.

१५:२ फक्त मूल किंवा बाळ असेल आणि प्रशिक्षित मदतनीस दोन असतील तेव्हा. एकटी असशील तर मुलालाही ३०:२. नाडी बघायला कमीत कमी पाच, जास्तीत जास्त दहा सेकंद, प्रौढाची मानेत, बाळाची दंडाच्या आतल्या बाजूला. नाडी आहे पण श्वास नाही तर प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, मुलाला दर २ ते ३ सेकंदांनी. जुन्या नोट्समध्ये मुलाला ३ ते ५ सेकंद असेल, तो आकडा २०२० मध्ये गेला. श्वास देऊनही मुलाची नाडी ६० च्या खाली आणि अंग फिकट, गार, तर नाडी असूनही दाब सुरू.

प्रात्यक्षिकात मुली अंबू बॅगवर, म्हणजे हातानं पिळून श्वास देण्याच्या पिशवीवर, अडकतात. प्रौढांची बॅग साधारण दीड लिटरची असते आणि हवी असते अर्धा लिटरच्या आसपास हवा. पूर्ण पिळायची नाही. जबडा मास्ककडे ओढायचा, मास्क जबड्यावर दाबायचा नाही.

पुस्तकात अफूजन्य औषधांवर एक भाग आहे, तो परीक्षेपुरता कर. आपल्या भागातल्या दवाखान्यात कीटकनाशक प्यालेला रुग्ण येण्याची शक्यता त्याहून अधिक. त्याला तोंडानं श्वास कधीच द्यायचा नाही, हातमोजे घालायचे, भिजलेले कपडे काढायचे आणि श्वास बॅगनंच द्यायचा.

थोडक्यात

*फासळ्या मोडल्या तर? आणि पोलिसांचं लचांड?* – राजारामपुरी
वयस्कर माणसात ‘कडकन्’ आवाज येऊ शकतो. हात मधोमध आहे का बघा आणि चालू ठेवा, फासळी जुळून येते. रस्त्यावरच्या अपघातात सद्हेतूनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं संरक्षण आहे. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली.

*एईडीचा (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) सराव खऱ्या यंत्राशिवाय होतो का? मंगळसूत्र काढावं लागतं का?* – इचलकरंजी
होतो. सरावाचं यंत्र झटका देत नाही, फक्त बोलतं. तेही नसेल तर पोस्टकार्डाचे दोन तुकडे पॅड म्हणून घ्या: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. सगळ्यात आधी यंत्र चालू करायचं, मग छाती उघडी आणि कोरडी करायची. मंगळसूत्र, ताईत तोडत बसू नका, पॅडखाली येणार नाही असं मानेकडे सरकवा. ब्लाउज मात्र कापावा लागतो, तेव्हा सरावाच्या पेटीत कात्री ठेवा आणि दोघींना साडीचा आडोसा धरायला सांगा. ‘शॉक दिला’ असं यंत्र म्हणालं की त्याच क्षणी पुन्हा दाब. सरावात बहुतेक जण इथेच यंत्राच्या तोंडाकडे बघत थांबतात.